पेंग्विनची भावकी

सकाळचे सात. सांगली. आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला, नदीत वाकलेल्या वाळक्या फांदीवर एक काळा पक्षी पंख पसरून बसलाय. पाणकावळा. आत्ताच बुडी मारून आला, आता पिसं वाळवतोय. घाटावर पोहायला आलेली पोरं त्याला म्हणतात, "आपला पेंग्विन!"

पोरांना असं वाटणं साहजिक आहे. पण पाण्याखाली बघा. पाणकावळा पायांनी पाणी मागं सारतो, पेंग्विन पंखांनी. तो पाण्यात उडतोच म्हणा ना! त्यासाठी पंखांची हाडं चपटी आणि भरीव झाली, अन् हवेतलं उडणं कायमचं सुटलं. न्यूझीलंडमध्ये वायपारा नदीकाठी वायमानू या आद्य पेंग्विनचे जीवाश्म सापडले, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यालाही उडता येत नव्हतं. माओरी भाषेत वाय म्हणजे पाणी, मानू म्हणजे पक्षी. आपल्या पाणकोंबडीसारखंच साधं नाव.

मग पेंग्विनची जवळची भावकी कोणाशी? जनुकं सांगतात, अल्बट्रॉसशी. पंख न हलवता तासन् तास समुद्रावर तरंगणाऱ्या पक्ष्याशी!

नावाची गोष्ट मात्र जिवाला चटका लावणारी आहे. 'पेंग्विन' हे नाव आधी उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑक या पक्ष्याचं. काळा-पांढरा, उडता न येणारा, पंखांनीच पोहणारा. दक्षिणेकडे गेलेल्या खलाशांना तसेच पक्षी दिसले, आणि त्यांनी तेच नाव त्यांना लावलं. इकडे मांसासाठी, पिसांसाठी ऑक मारले जात राहिले. जून १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डी बेटावर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. त्याच १८४४ साली जॉर्ज रॉबर्ट ग्रे या इंग्रज अभ्यासकानं अंटार्क्टिकातल्या एम्पररला, आजच्या सर्वांत मोठ्या पेंग्विनला, शास्त्रीय नाव दिलं: ॲप्टेनोडायटीस फॉर्स्टेरी. पहिल्या शब्दाचा अर्थ, पंखांविना बुड्या मारणारा. दुसरा शब्द कॅप्टन कुकच्या जहाजावरून दक्षिण समुद्रात गेलेल्या फॉर्स्टर या निसर्ग-अभ्यासकाच्या आठवणीचा.

आणि ज्याचं नाव गेलं, तो ऑक? पेंग्विनशी त्याचं जवळचं नातं नव्हतंच. त्याचा गोतावळा कुरव, सुरय आणि टिटवीचा. हरिपूरला, वारणेच्या संगमाजवळ, मळीच्या रानात टिटवीनं उघड्यावर अंडी घातलीत. आपली चाहूल लागताच ती उठली.

ऐका.

(टिटवीचा आवाज. नदी.)