पुण्यात पेठेत राहणं म्हणजे नेमकं काय?

नमस्कार राजेहो! आज कपाशीचा व्हिडिओ नाही. डिग्री झालेले आपल्या यवतमाळकडचे पोट्टे मला एकच विचारतात, "दादा, पुण्यात राहाले कसं वाटते?" मी २०१८ ते २०२१ पुण्यात नारायण पेठेत राहिलो, एमपीएससीच्या अभ्यासासाठी. आता गावी आलोय, घरच्या ओट्यावर बसलोय, तर निवांत सांगतो.

पहिले एक शब्द शिकून घ्या : कॉट बेसिस. म्हणजे खोली तुमची नाही, पलंग तेवढा तुमचा. आमचा जुना वाडा होता, माडीवर एका खोलीत पाच लोखंडी कॉट. कॉटखाली पत्र्याची पेटी, त्यात कपडे आणि पुस्तकं. भिंतीत एक खिळा, त्याच्यावर टॉवेल आणि त्याच्यावरच पिशवी. चार्जिंगचा प्लग दोघांत एक. रात्री कूस बदलली की शेजारच्याची कॉट कुरकुरायची. डिपॉझिट देताना सही-शिक्क्याची पावती घ्या. माझ्या पहिल्या खोलीचं दोन महिन्यांचं डिपॉझिट एका एजंटनं परत दिलं नाही, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. बापानं कापूस विकून दिलेले पैसे होते ते.

पहिले दोन महिने मी त्या कॉटलाच घर समजत होतो. जीव नुसता घुसमटायचा. आपल्याकडे कसं, दारातून बाहेर पाय टाकला की अंगण, समोर बोरीचं झाड, पलीकडे पार. तिथं जिना उतरला की थेट रस्ता. मग हळूहळू उमजलं की पेठेत घर एका जागी नसतंच, ते मोहल्लाभर पसरलेलं असतं. स्वयंपाकघर मेसमध्ये. अभ्यासाची खोली शास्त्री रस्त्याकडच्या अभ्यासिकेत, तिथं खुर्चीला नंबर, टेबलावर तुमचा पाण्याचा बाटला. बैठक चहाच्या टपरीवर. आणि अंगण म्हणाल तर नदीकाठ. हे ज्याला लवकर समजलं तो टिकला. आमच्या खोलीतले दोघं तिसऱ्या महिन्यातच गावी गेले, आणि ते अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होते.

पत्ता सांगायची तिथली रीत मला फार आवडली. आपल्या गावात मारुती एकच. तिथं पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, आणि सगळे देव पत्त्याच्या कामाला. काही पेठांची नावं पेशव्यांच्या घरातली. सदाशिव पेठ १७६१ला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, आमची नारायणराव पेशव्यांच्या. गल्ल्या त्या काळच्या, पायी चालणाऱ्याच्या मापाच्या. त्यात आता दुचाक्या, रिक्षा, पाण्याचे टँकर. म्हणून सांगतो, गाडी नेऊ नका. लावायला जागा मिळत नाही, आणि पायी फिरल्याशिवाय पेठ ओळखीची होत नाही.

नदीचं सांगतो. मुठेवर बाबा भिडे पूल आहे, अगदी ठेंगणा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि पोरं ते पाहायला गर्दी करतात. आमचे घरमालक आजोबा मात्र जात नसत. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, खडकवासल्याचंही फुटलं, आणि पाणी पेठांमध्ये घुसलं. आजोबा तेव्हा शाळकरी होते. पाणी सोडल्याची बातमी आली की ते खिडकीत येऊन उभे राहायचे, चहा गार होईपर्यंत. त्या खिडकीत मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभा राहिलो, तेव्हापासून आम्ही बोलायला लागलो. त्याआधी वर्षभर फक्त भाडं आणि नळाची वेळ, एवढंच बोलणं.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. मेस बंद, अभ्यासिका बंद, टपरी बंद. म्हणजे माझ्या घराच्या सगळ्या खोल्यांना कुलूप, उरली एक कॉट. मेसच्या मावशीनं घरून दोन वेळचा डबा दिला, जिन्याच्या पायरीवर ठेवून जायच्या. मी मे महिन्यात गावी निघालो, तोवर एकही दिवस चुकला नाही. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर बघू."

याच मावशीची एक गोष्ट राहिली. लॉकडाऊनच्या आधीच्या वर्षी, संक्रांतीनंतर माय पुण्याला आली. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं, रात्रभर बसून, सोबत तुरीच्या शेंगांची थैली. पोरांच्या खोलीत बाईमाणसाला न्यायची परवानगी नाही. स्टेशनवरून आणलेल्या मायला बसवायचं कुठं, हेच मला सुचेना. मेसमध्ये घेऊन गेलो. मावशींनी तिला बाहेर टेबलावर बसू दिलं नाही, आत स्वयंपाकघरात पाट टाकून दिला. मायनं थैली उपडी केली आणि दोघी शेंगा सोलत बसल्या. मधेच मायनं आमटीची चव घेतली न् म्हणाली, "बाई, यात गूळ कायले टाकता?" मावशी हसल्या आणि पळी तिच्या हातात दिली.

त्या रात्री मेसमध्ये सोल्याची भाजी होती, वर लाल तर्री. दारातल्या फळ्यावर मावशींनी खडूनं लिहिलं होतं : आज यवतमाळची भाजी.