वाळेपर्यंत

[दृश्य: काळ्या कापडावर ठेवलेलं एक छोटं विमान. कॅमेरा अगदी जवळ.]

हे स्पिटफायर आहे, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. निदान तसं डब्यावर लिहिलं होतं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर. पुढचा पंखा फिरत नाही. वैमानिकाच्या डोक्यावरची काच इतकी धुरकट झालीय की आत कुणी बसलंय हे मी सांगते म्हणून मानायचं. एक चाक कुठल्याशा घरबदलात हरवलं, तेव्हापासून ते लंगडतंच उभं राहतं. रंगात ब्रशचे केस अडकलेत. परवा भिंगातून मोजले. तीन आहेत.

मी नऊ वर्षांची असताना जोडलेलं हे माझं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल. पहिलं, आणि सगळंच्या सगळं एकटीनं केलेलं. एकटीनं केलं, हे मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय. जरा जास्तच वेळा.

[दृश्य: डब्याचं झाकण उघडतं. आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी.]

डबा हलवला की आत खुळखुळ व्हायचं. झाकणावर ढग, धूर, गोळ्यांच्या रेषा आणि त्यातून थेट आपल्या अंगावर येणारं विमान. झाकणावरच्या या चित्रांनी किती मुलांना नादी लावलं असेल, सांगता येत नाही. अशी मॉडेलं करणाऱ्या ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीसाठी १९६४पासून दहाएक वर्षं रॉय क्रॉस नावाच्या चित्रकारानं अशी चित्रं काढली, आणि आज मोठी झालेली माणसं डब्यातलं मॉडेल विसरली तरी ती चित्रं विसरलेली नाहीत.

झाकण उघडलं आणि मी हिरमुसले. आत विमान नव्हतंच. राखाडी काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले तुकडे. अर्धं पोट. अर्धं शेपूट. नखाएवढा, पाय जोडून बसलेला, चेहरा नसलेला माणूस. प्रत्येकाशेजारी बारीक आकडा.

या चौकटींना स्प्रू म्हणतात, हे फार उशिरा कळलं. तुकडा नेलकटरनं किंवा कटरनं अलगद कापायचा आणि राहिलेला कोंब पॉलिश पेपरनं घासायचा, हेही. मी ते पिरगाळून तोडले. सगळे. शेंगा तोडाव्यात तसे. म्हणून या विमानाच्या कडेला जागोजागी चावा घेतल्यासारखे खड्डे आहेत.

दुसरे खड्डे मात्र माझे नाहीत. पोटाच्या आतल्या बाजूला गोल, अगदी नेमके ठसे होते. मी ठरवून टाकलं की ते स्क्रूसाठी आहेत, आणि कंपनी स्क्रू द्यायला विसरलीय. संध्याकाळभर डब्यात स्क्रू शोधले.

[दृश्य: साचा मिटतो, उघडतो. गरम चौकट बाहेर पडते.]

ते गोल म्हणजे विमानाचा जन्मखुणांचा दाखला. पॉलिस्टायरिनचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ करतात आणि प्रचंड दाबानं पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये घुसवतात. ज्या वाटांनी प्लॅस्टिक आत वाहत जातं, त्या वाटाच थिजून चौकटी होतात. साचा उघडला की तुकडा आत चिकटून बसतो, मग पोलादी पिना त्याला मागून ढकलून बाहेर काढतात. त्या पिनांचे ठसे म्हणजे माझे स्क्रू. चांगला कारागीर ते अशा जागी येऊ देतो की जोडल्यावर दिसू नयेत.

साचा कोरणं ही त्यातली खरी कला. संगणक येण्याआधी कितीतरी मॉडेलांचे आधी मोठे लाकडी नमुने घडवत आणि पँटोग्राफ यंत्रानं तेच आकार लहान करून पोलादात उतरवत. यंत्राची एक सुई नमुन्यावरून फिरते, दुसरं टोक पोलाद कोरत जातं. एकदा केलेला साचा मग वर्षानुवर्षं तुकडे टाकत राहतो.

आणि हे तुकडे आपणच का जोडायचे? जोडून का देत नाहीत? मी तेव्हा हे चिडून विचारलं होतं. त्याचं एक उत्तर ट्रॅक्टरमध्ये आहे. १९४९मध्ये एअरफिक्सनं फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या लोकांनी गिऱ्हाइकांना दाखवावी म्हणून. ती जोडून देणं परवडेना. मग तुकडे तसेच डब्यात घालून विकायला काढले. जोडण्याची मजुरी वाचली, आणि मुलांना एक छंद मिळाला. प्लॅस्टिक किटची सुरुवात मात्र त्याच्याही आधीची. १९३६मध्ये ब्रिटनमध्येच फ्रॉग पेंग्विन नावाची किट आली, सेल्युलोज ॲसिटेटची. ते प्लॅस्टिक काळाबरोबर वाकडंतिकडं होतं. त्यापुढे पॉलिस्टायरिन म्हणजे शहाणं बाळ.

[दृश्य: फूटपट्टीशेजारी चेहरा नसलेला वैमानिक.]

त्या पेंग्विननं रुळवलेलं माप माझ्या डब्यावरही होतं: १:७२. मला वाटायचं तो मॅचचा स्कोअर आहे.

हिशेब साधा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून या मापात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच, म्हणजे सव्वाअकरा मीटर. भागिले बहात्तर केलं की हे साडेपंधरा सेंटिमीटर. दुसऱ्या महायुद्धात या मापाला भलतंच काम मिळालं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी १९४२मध्ये अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं करून मागितली. बहात्तराव्या मापातलं मॉडेल पस्तीस फुटांवरून पाहिलं की खरं विमान अर्ध्या मैलावरून दिसावं तेवढं दिसतं.

सगळीच मापं इतकी तर्कशुद्ध नाहीत, बरं का. रणगाड्यांच्या किटचं जगभर चालणारं १:३५ हे माप जपानच्या तामिया कंपनीच्या पँथर रणगाड्यापासून आलं. साल १९६१. रणगाड्याच्या पोटात मोटर आणि सेल मावायला हवेत, म्हणून जो आकार ठरला तो ठरला. नंतर मोजला, तर पस्तिसावा भाग निघाला. मला हे फार आवडतं.

[दृश्य: ट्यूबच्या तोंडातून बाहेर येणारा पारदर्शक थेंब.]

आता चिकटवण्याबद्दल. हे मात्र सावकाश सांगणार आहे.

सिमेंटची, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या द्रावणाची, ट्यूब डब्यातच होती, पण टोपण घट्ट बसलेलं. मी दातांनी उघडायला निघाले तेव्हा आईनं ती हातातून काढून घेतली आणि अंगठ्याच्या एका झटक्यात उघडली. तिच्या उजव्या अंगठ्यावर एक तिरका व्रण आहे, पत्र्याच्या डब्याचं झाकण लागलं होतं तिला कधीतरी. त्या अंगठ्यापुढे कुठलंही टोपण टिकत नाही. “खिडकीपाशी बस,” म्हणाली, “काय घाण वास आहे.” आणि गेली. एवढीच तिची मदत. मी हिशेबात धरली नव्हती.

सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये बसतो, तिसरा होऊन. सिमेंट प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही कडांचं पॉलिस्टायरिन मऊ होतं, त्याच्या लांबलचक साखळ्या सुट्या होऊन एकमेकींत शिरतात, मग द्रावक उडून जातं आणि मागे राहतो तो एकच तुकडा. चिकटलेला नव्हे, सांधलेला. नीट झालेला सांधा पुन्हा सुटत नाही, मोडलं तर शेजारून मोडतं.

यात दोन गोष्टी येतात. एक, घाई चालत नाही. वरून कोरडं दिसलं तरी आत मऊ असतं, आणि जाड ट्यूबमधलं सिमेंट पूर्ण वाळायला रात्र जाते. दुसरी, ते ओलं असताना प्लॅस्टिकला जे लागेल ते उमटतं. चादरीचे धागे, वर्तमानपत्राची अक्षरं. या विमानाच्या शेपटाखाली अजून एक उलटा ‘क’ आहे.

मला या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. मी कडेला सिमेंटची जाड वळवळती रेघ काढली आणि पोटाचे दोन अर्ध दाबले. रेघ बाहेर आली. बोटानं पुसली. बोट चिकटलं. पंखा फिरावा म्हणून त्याच्या मागच्या दांड्याला थेंबसुद्धा लागू द्यायचा नव्हता, तसं कागदावर चित्र काढून, वर फुली मारून बजावलं होतं. मी भक्कम बसावा म्हणून दोन थेंब लावले.

मग पंख.

[दृश्य: समोरून स्पिटफायर. दोन्ही पंख किंचित वर उचललेले.]

समोरून पाहिलं तर स्पिटफायरचे पंख सपाट नसतात. मुळापासून टोकाकडे साधारण सहा अंशांनी वर चढत जातात. त्यामुळे विमान एका बाजूला कललं तरी आपसूक सावरायला मदत होते. मॉडेलमध्ये मात्र हाच कोन जीव काढतो. जाणकार लोक पुठ्ठ्याचा कोन कापून खाली लावतात, चिकटपट्टीनं पंख ताणून धरतात, कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात आणि निघून जातात. निघून जाणं महत्त्वाचं.

माझा डावा पंख उभा राहीना. वर उचलून धरला की राहायचा, सोडला की हळूहळू खाली यायचा, पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखा. मी पुन्हा सिमेंट लावलं. आता तो लवकर खाली यायला लागला. पुन्हा लावलं. रात्र झाली. मी रडलेसुद्धा असेन. विमान खिडकीत ठेवून झोपले.

सकाळी पंख सरळ होता.

दोन्ही बाजू सारख्या, दोन्ही टोकं वर. हात लावला, हलेना. मी घरभर नाचले. इतक्या वेळा सिमेंट लावलं ते शेवटी कामी आलं, अशी माझी खात्री. पुढे कित्येक वर्षं मी सिमेंट भरपूरच लावत असे, आणि कितीतरी मॉडेलांची त्यात वाट लागली.

[दृश्य: बशीत पाणी. त्यात भिजणारा निळा-पांढरा-लाल गोल.]

काचेचं काय झालं ते दिसतंच आहे. स्वच्छ पॉलिस्टायरिनसुद्धा पॉलिस्टायरिनच. सिमेंट लागलं की ते दुधाळ होतं. तिथे लाकडाला लावायचा साधा पांढरा गोंद हवा, तो वाळून पारदर्शक होतो आणि काचेला खात नाही.

डेकलनं, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चित्रांनी, मात्र मला जिंकलं. पातळ कागदाचा तुकडा बशीतल्या पाण्यात टाकायचा आणि वाट पाहायची. खालचा गोंद भिजतो आणि एका क्षणी वरचं चित्र कागदावरून सुटं होऊन सरकतं, सायीसारखं. तो क्षण आला की अजूनही माझा श्वास थांबतो. पंखावरचा एक गोल वाकडा बसलाय. तो वाकडेपणा माझा, त्यात कुणाचा वाटा नाही.

[दृश्य: मॅक्रो लेन्स. विमान उलटं केलेलं. तिरपा उजेड.]

या फिल्मसाठी मागच्या महिन्यात आम्ही विमान उलटं धरून, बाजूनं उजेड टाकून शूट केलं. खालच्या बाजूला मी रंग दिलाच नव्हता. दिसणार कुणाला, म्हणून. पडद्यावर डाव्या पंखाचं मूळ आलं, मोठं होत गेलं आणि कॅमेरामन म्हणाला, “हा ठसा तुमचा का?”

बोटाचे ठसे या विमानावर पुष्कळ आहेत. पोटावर आहेत, शेपटावर आहेत. बारीक, दाटीवाटीनं ओढलेल्या रेघा. माझ्या नऊ वर्षांच्या बोटांचे. पण पंखाच्या मुळाशी असलेला हा अंगठा वेगळाच होता. रुंद. रेघा एकमेकींपासून लांब. मोठ्या माणसाच्या. जवळजवळ दोन सेंटिमीटर, म्हणजे या विमानाच्या मापात दीड मीटरचा अंगठा. तो पुसता पुसता उमटलेला नव्हता. सरकलेला नव्हता. एकाच जागी, खालून वर रेटून, हलू न देता बराच वेळ धरलेला होता.

आणि रेघांच्या मधोमध, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेला, एक तिरका कोरा पट्टा.

[दृश्य: पडद्यावर फक्त ठसा. संगीत नाही.]

फोटो काढून आईला पाठवला. तिनं तो बघितला, मग फोन केला.

“अगं, पडत होता ना तो सारखा,” ती म्हणाली. “तू झोपलीस, आणि मी दिवा घालवायला आले तर परत खाली आलेला. मग बसले धरून. सोडला की पडायचा. हात अवघडला माझा. आणि तो वास! दोन दिवस भाजीलासुद्धा तोच वास येत होता मला.”

मग थोडं थांबून तिनं विचारलं, “चाक सापडलं का गं त्याचं?”