सोलापुरात राहायचं म्हणजे

(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘मध्यम शहरात राहण्याचे फायदे-तोटे’. हा विषय मी फक्त सोलापूरपुरता घेणार आहे. सगळ्या मध्यम शहरांना मिळून लागू पडेल असं बोलायला गेलं की ते कुठल्याच शहराला लागू पडत नाही. आणि दुसरं, फायदे कोणाचे आणि तोटे कोणाचे हे विचारल्याशिवाय मला यावर बोलता येणार नाही. आज मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

आधी दोन आकडे. २००१ च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या होती ८ लाख ७२ हजार. २०११ मध्ये ती झाली ९ लाख ५१ हजार. म्हणजे दहा वर्षांत वाढ ९ टक्के. याच दहा वर्षांत सगळा महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. पुणे महापालिका २३ टक्क्यांनी, आणि शेजारचं पिंपरी-चिंचवड तर ७० टक्क्यांच्या आसपास. जन्मदर काही इतका कमी नव्हता आपला. मग माणसं गेली कुठे, हे या सभागृहातल्या प्रत्येक आईवडिलांना माहीत आहे. ‘आपलं सोलापूर किती शांत, किती मोकळं, पुण्यासारखी गर्दी नाही,’ असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या मोकळेपणातला काही भाग गेलेल्या मुलांच्या जागेचा आहे, ही गोष्ट मनात ठेवून पुढचं ऐका.

आता फायदे. ते खरे आहेत आणि मी ते कमी लेखणार नाही. सातरस्त्याला घर आणि नव्या पेठेत दुकान असलेला माणूस दुपारी जेवायला घरी जाऊ शकतो. जेवून घटकाभर पडू शकतो. मुंबईत हे सुख कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. धाराशिव, लातूर, पलीकडे विजयपूर आणि कलबुर्गीपासून रुग्ण इथे येतात, त्यांच्यासाठी सोलापूर हेच मोठं शहर. आपल्या डॉक्टरांना आपल्या वडिलांचा दमासुद्धा माहीत असतो. मध्यम पगारात घर बांधता येतं. आणि भाषा! पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीत कन्नड, विजापूर वेशीकडे उर्दू, आणि सगळीकडे मराठी. चाटी गल्लीतला व्यापारी गिऱ्हाईक बघून वाक्याच्या मध्यात भाषा बदलतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. हे शहाणपण या गावानं शाळेत शिकवलेलं नाही, शेजारातून दिलेलं आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते तेव्हा ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

गड्ड्याचं जरा सांगतो. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस तो उंच ध्वज एकट्यानं कमरेवर तोलतो. तोल जाईलसं वाटलं की आजूबाजूचे हात पुढे येतात, गर्दी क्षणभर गप्प होते, आणि ध्वज सरळ झाला की ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठतो. त्या गर्दीत कितीतरी चेहरे पुण्याहून, बंगळुरूहून, हैदराबादहून रजा काढून आलेले असतात. चार दिवस राहतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतात आणि निघतात. त्यांचं या गावावर प्रेम नाही असं कोणी म्हणू नये. प्रेम आहे, पोट मात्र इथे भरत नाही.

पोट पूर्वी इथेच भरत होतं. १८७७ साली इथली पहिली कापडगिरणी निघाली, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, मराठवाड्यातून आली. आज जिथून माणसं जातात तिथे तेव्हा माणसं येत होती. या कामगारांच्या बळावरच १९३० सालचं सोलापूर उभं राहिलं आणि इंग्रजांना इथे मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आपली पुण्याची गाडी त्यांच्याच नावाची, हुतात्मा एक्स्प्रेस. पहाटे जेवणाचे डबे आणि बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे राहणारे आईबाप मी पाहतो तेव्हा ही चार नावं मला हटकून आठवतात. ते चौघे या गावासाठी गेले, याचा अर्थ या गावात काहीतरी टिकवण्यासारखं होतं.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादर आणि टेरी टॉवेल विणणारे यंत्रमाग राहिले, पण मागावरची मजुरी मुलाला मागापाशी थांबवण्याइतकी कधीच झाली नाही. आणि बाईसाठी राहिली बिडी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांडीवर सूप. त्यात ओला करून मऊ केलेला तेंदूचा पाला. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं तुकडा कापायचा, चिमूटभर तंबाखू, बोटांनी गुंडाळी, सुताचे वेढे, तोंड दुमडायचं. एक झाली. अशा हजार झाल्या की मजुरीचा हिशोब. सकाळचा स्वयंपाक उरकून बसलेली बाई दिवे लागले तरी उठत नाही, आणि कारखान्यात तिच्या बिड्या तपासून त्यातल्या काही बाजूला काढल्या तर ते श्रम फुकट. ‘सोलापुरात जगणं स्वस्त आहे’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायला मी धजावणार नाही. तिची मजुरी स्वस्त आहे म्हणून तुमचंआमचं जगणं स्वस्त आहे.

तरीसुद्धा याच बायकांनी या शहरात एक गोष्ट करून दाखवली, जी मुंबई-पुण्यात जमणं फार अवघड. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभी राहिली, शहराजवळच्या कुंभारीला जमीन मिळाली आणि विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. मध्यम शहराचा हा खरा फायदा मला वाटतो. जमीन अजून आवाक्यात आहे, संघटनेचा मोर्चा कलेक्टर कचेरीपर्यंत पायी जाऊ शकतो, आणि मोर्चातली बाई कोण आहे हे तिथल्या शिपायालाही माहीत असतं.

आता पाणी. उजनी धरण भरलेलं असो वा रिकामं, या शहरानं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरण्यात पिढ्या काढल्या. आमच्याकडे दिवस वारांनी मोजत नाहीत, पाण्यावर मोजतात. ‘परवा पाणी आहे’ म्हटलं की लग्नाची खरेदी पुढे ढकलली जाते. चावीवाला रात्री किती वाजता चावी फिरवणार याची बातमी गल्लीत आधी पसरते. अकराला येणार म्हणावं आणि अडीचला यावं. मग मोटार लावायची, हौद, पिंप, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. आणि हे करायला उठतं कोण? घरातली बाई. सकाळी तिला शाळेत शिकवायला जायचं असो, बँकेत जायचं असो वा बिड्या वळायला बसायचं असो. मध्यम शहराचा निवांतपणा जो म्हणतात, तो तिच्या झोपेतून वजा होतो.

बरं, पाणी कमी आहे म्हणून हे होतं असंही नाही. नळाला येतं ते थोडं हिप्परग्याच्या तलावातून, थोडं उजनीहून शंभरावर किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून. उरलेल्यासाठी उजनीतून भीमा नदीत पाणी सोडायचं, ते वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत आलं की टाकळीला उपसायचं. काही टीएमसी पाणी नदीत सोडलं जातं तेव्हा त्यातला थोडासा हिस्सा शहराच्या नळापर्यंत पोहोचतो. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं. त्यानंतरही दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून जिथे तळं खोदलं, त्या गावात हे व्हावं याचं मला अतिशय दुःख होतं. आणखी एक. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. मोठ्या शहराच्या वाढीची किंमत खालच्या अंगाचं शहर मोजतं. कोणत्या शहरात राहणं फायद्याचं, हा हिशोब मांडताना हे नदीचं नातं कोणी धरतच नाही.

एक तोटा असा आहे की तो सभेत सहसा बोलला जात नाही, पण इथे मुली बसल्या आहेत म्हणून मी बोलणार. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. आजारपणात, मयतीत, अडचणीत हे वरदान आहे. बावीस वर्षांच्या मुलीसाठी मात्र तो पहारा आहे. ती पार्क चौकात कोणाबरोबर चहा पीत होती ही बातमी ती घरी पोहोचायच्या आधी पोहोचते. माझ्या विद्यार्थिनींपैकी कित्येकींनी पुण्यात इथल्यापेक्षा लहान खोलीत, जास्त भाडं देऊन, वाईट मेसचं जेवण जेवून दिवस काढले आणि त्यांना परत यायचं नव्हतं. त्यांना पगाराबद्दल विचारलं की त्या पगाराचं सांगतात, आणि थोडा वेळ बसलात तर हेही सांगतात. कारखाने आणता येतील, पण मुलीकडे बघण्याची ही नजर बदलली नाही तर त्या कारखान्यात काम करायला ती थांबणार नाही. ते काम महापालिकेचं नाही, आपलं आहे.

विमानतळाबद्दल मला वारंवार विचारतात. विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, त्यावरून गाव दुभंगलं होतं. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. विमान हवंच. पण विमान आलं की उद्योग येतो आणि उद्योग आला की मुलं थांबतात, ही साखळी आपोआप जुळत नाही. विमानानं येणारा उद्योजक पहिल्याच दिवशी विचारेल, ‘पाणी रोज येतं का?’ त्याच्या अभियंत्याची बायकोही तेच विचारेल.

शेवटी प्रश्नांसाठी वेळ ठेवला होता. मागच्या रांगेतून एक ताई उठल्या. म्हणाल्या, ‘सर, एवढं सगळं ऐकलं. माझ्या मुलाची बारावी झाली. आता त्याला पुण्याला पाठवू की नको, तेवढं सांगा.’

ताई, त्याला हवा तो अभ्यासक्रम इथे चांगला मिळत असेल तर इथे ठेवा. इथेही अभियांत्रिकी आहे, वैद्यकीय आहे, २००४ पासून आपलं स्वतंत्र विद्यापीठ आहे. मिळत नसेल तर बिनदिक्कत पाठवा. गावाच्या प्रेमापायी मुलाचं शिक्षण अडवू नका. तो सुट्टीत आला की मात्र त्याला नुसतं खाऊपिऊ घालून परत पाठवू नका. यंत्रमागाच्या शेडमध्ये न्या. टॉवेल परदेशी जातो, मग त्याची डिझाइन, तपासणी, विक्री यातलं किती काम इथे होतं आणि किती बाहेर, हे त्याला मालकाला विचारू द्या. आपण चार वर्षं शिकतोय त्यातलं इथे काय करता येईल, हे त्याचं त्याला शोधू द्या. आणि पाणी येण्याच्या रात्री तो घरी असेल तर मोटार लावायला त्याला उठवा, तुम्ही झोपा.