अल्टिमोचं वाफेचं इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

आज सिडनीच्या पॉवरहाऊस म्युझियमबद्दल बोलायचं आहे. नावातच पॉवरहाऊस, कारण ही इमारत मुळात वीजघर होती. अल्टिमो भागातल्या या वीजघरावर सिडनीच्या ट्राम धावायच्या. ट्राम गेल्या, वीजघर बंद पडलं आणि १९८८मध्ये तिथं विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय उघडलं. २०१५मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं जाहीर केलं की हे संग्रहालय उचलून पश्चिम सिडनीतल्या पॅरामाटाला नेणार आणि अल्टिमोची जागा विकून त्यातून पैसा उभारणार. लोक खवळले. रहिवासी, अभियंते, संग्रहालयात हयात घालवलेली माणसं, सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: पॅरामाटाला नवं संग्रहालय बांधा, पण अल्टिमोचं उखडू नका. पुन्हा सांगते, नवं बांधा, पण जुनं उखडू नका.

का उखडू नये, हे मला एका इंजिनानं शिकवलं.

मी तिथं गेले होते तेव्हा कठड्यापलीकडे एक वयस्कर स्वयंसेवक तेलाची झारी घेऊन सांध्यासांध्यात दोन-दोन थेंब सोडत होते. समोर बोल्टन आणि जेम्स वॉट या जोडीच्या कंपनीचं वाफेचं इंजिन, १७८५चं. डोक्यावर भलीमोठी लाकडी तुळई, बाजूला माणसाच्या दुपटीहून उंच चाक. काकांनी हात पुसले, झडप उघडली. आधी नुसता लांब सुस्कारा. मग तुळई जराशी झुकली, थबकली, पुन्हा झुकली, आणि ते चाक फिरायला लागलं. गडगडाट नाही, खडखडाट नाही. पायाखालची फरशी तेवढी हलके थरथरत होती. गरम तेलाचा वास येत होता. शेजारची एक छोटी मुलगी आईचा हात सोडून कठड्याला चिकटली ती हललीच नाही.

काकांनी मग त्याची कथा सांगितली. लंडनमध्ये व्हिटब्रेड यांचा बिअरचा कारखाना होता. तिथं मोड आणून वाळवलेला सातू दळायला घोडे जुंपलेले असत, आपल्याकडे घाण्याला बैल जुंपतात तसे. त्या घोड्यांच्या जागी हे इंजिन आलं. वॉटला सरळ क्रँक, म्हणजे वरखाली हालचालीतून चाक फिरवणारा वाकडा दांडा, वापरता येईना, कारण त्याचं पेटंट दुसऱ्याकडे होतं. म्हणून त्यानं एका दातेरी चाकाभोवती दुसरं चाक फिरवलं, सूर्याभोवती ग्रह फिरावा तसं. नावही तेच पडलं, सूर्य आणि ग्रह. १७८७मध्ये खुद्द राजा तिसरा जॉर्ज कारखाना बघायला आला होता. शंभर वर्षं हे इंजिन राबलं. १८८७मध्ये ते काढून टाकायची वेळ आली तेव्हा सिडनी विद्यापीठाचे प्राध्यापक आर्चिबाल्ड लिव्हरसिज लंडनमध्येच होते. त्यांनी ते सिडनीच्या संग्रहालयासाठी मागून घेतलं; तेच संग्रहालय पुढे अल्टिमोच्या वीजघरात आलं. जहाजात चढवण्यासाठी ते मोठं चाक दोन तुकड्यांत करावं लागलं.

आणि सिडनीला पोचल्यावर? पैसे नव्हते, जागा नव्हती. कित्येक वर्षं ते नुसतं पडून राहिलं. पुढे उभं केलं तरी फिरवायचं विजेच्या मोटरवर. खऱ्या वाफेवर ते पुन्हा चाललं ते १९८०च्या दशकात, अल्टिमोच्या तयारीत. लक्षात घ्या, एकदा हलवल्यावर वाफेवर यायला त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

     

 मी गेले तेव्हा अल्टिमोत छताला टांगलेलं कॅटालिना विमानही होतं. १८५५ साली सिडनी-पॅरामाटा मार्गावर प्रवासी गाडी ओढणारं एक नंबरचं रेल्वे इंजिन होतं. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर दोनच वर्षांनी धावलेलं! असल्या वस्तूंसाठी इमारत बेतावी लागते. संग्रहालय हलवण्याची चौकशी करणाऱ्या तिथल्या विधान परिषदेच्या समितीपुढे जाणकारांनी हेच सांगितलं.

पॅरामाटाच्या लोकांची मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पश्चिम सिडनीत लाखो माणसं राहतात, त्यांच्या मुलांनीही चाक फिरताना बघावं. पण तिथल्या लोकांचंही दुखणं होतंच. नव्या इमारतीसाठी विलो ग्रोव्ह ही एकोणिसाव्या शतकातली वास्तू, जिथं पुढे प्रसूतिगृह होतं, २०२१मध्ये उतरवली गेली. गावकरी आणि बांधकाम कामगारांची संघटना आडवी आली, तरी ती वाचली नाही.

अल्टिमो मात्र वाचलं. जुलै २०२०मध्ये सरकारनं माघार घेतली. अल्टिमो राहील, पॅरामाटाही होईल. जे लोक पहिल्या दिवसापासून म्हणत होते, तेच. पाच वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२४मध्ये अल्टिमोची इमारत दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी बंद झाली. दारं उघडल्यावर मी आधी जाणार ती त्या कठड्यापाशी, काका झडप उघडतात का ते बघायला.

नमस्कार.