बिअर्डेड ड्रॅगनचा चातुर्मास

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. मे महिन्याचा उकाडा, घरोघरी आंब्याची आढी लागलेली, आणि तरीही एका सरड्याच्या जेवणाबद्दल ऐकायला एवढी माणसं जमलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. मागच्या रांगेत दोन-तीन मुलं मांडीवर जाळीचे पिंजरे घेऊन बसलेली दिसतायत. पिंजऱ्यांची दारं तेवढी बंद राहू द्या रे बाळांनो, पुढच्या मावशींनी मला आल्या आल्याच बजावून ठेवलंय.

विषय जाहीर झालाय तो पावसाळ्यातल्या आहाराचा. त्याकडे मी येतोच. पण आधी हा पाहुणा कुठला ते बघू. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला, रखरखीत झुडपी प्रदेशातला. ऑस्ट्रेलियानं आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात १९६० च्या दशकातच थांबवली, त्यामुळे आज जगभरात पाळले जाणारे हे प्राणी पिढ्यानपिढ्या माणसाच्या घरात जन्मलेले आहेत. पण शरीर अजून त्या कोरड्या मुलखाचंच आहे. तिकडे ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला साधारण २८० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीला ३००० मिलिमीटरच्या वर. त्यांचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे जुलैत कधी कधी दोन दिवसांत पडून मोकळा होतो. हा फरक ध्यानात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे.

आणखी एक सांगून टाकतो. शेजारीपाजारी याला बघून "घोरपड पाळलीय" म्हणतात. ही घोरपड नव्हे. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं गुन्हा आहे, आणि तसं कुठे दिसलं तर वनखात्याला कळवा. याचं खरं नातं आहे कुंपणावरच्या आपल्या सरड्याशी. दोघेही अगॅमिडी कुळातले. तो गडग्यावर बसून जोर काढतो ना, तसेच हाही काढतो. सकाळी उन्हात आधी अंग तापवायचं आणि मग भक्ष्याकडे बघायचं, हा क्रम दोघांच्याही रक्तात आहे. तुमच्या अंगणातल्या सरड्याला सकाळी आठ-नऊच्या सुमारास नीट बघा. अंग तापेपर्यंत समोरून मुंगी गेली तरी तो हलत नाही. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे: या प्राण्याचा आहार वाटीत सुरू होत नाही, उन्हात सुरू होतो. ऊन नसेल तर वाटीत काय आहे याला फारसा अर्थ नाही.

आता एक हकिगत सांगतो. जरा लांबेल, पण ऐका.

वेंगुर्ल्याकडच्या एका घरातला हा प्रसंग. गणपतीला मुंबईहून चाकरमानी मामा आले, भाच्यासाठी डब्यातून बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू घेऊन आले. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा दुकानातनं घेतलेलं. सोबत एक छापील चिठ्ठी आणि एक लाल दिवा. चिठ्ठीवर लिहिलेलं: रोज ताजी पालेभाजी, आठवड्यातून एकदा वाळवलेले किडे, रात्री लाल दिवा. बस्स. मामा विसर्जनानंतर मुंबईला गेले, मुलगा शाळेत जायला लागला, आणि कोकणात नेहमी होतं तसं सगळं आजीच्या गळ्यात पडलं.

त्या आजीइतकी निष्ठेनं सेवा करणारी माणसं मी फार कमी पाहिली. रोज सकाळी कोवळा पालक निवडायचा, देठ काढायचे, स्वच्छ पाण्यात धुवायचा, बारीक चिरायचा. आठवड्याच्या आठवड्याला पेटी पुसायची. काचेची पेटी मुद्दाम पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली, सकाळचं कोवळं ऊन मिळावं म्हणून. खिडकीला काच, पेटीलाही काच. मार्गशीर्षात त्या माझ्याकडे आल्या. टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनू, मी रोज ताजो पालो घालतंय, मगे ह्येचे पाय असे कित्याक थरथरतत?"

पिल्लाची मागच्या पायांची बोटं सारखी उडत होती. पोट टेबलाला टेकलेलं, उचलून धरायची ताकदच नाही. मी खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून अगदी हलकेच दाबला. तो वाकला. हाड वाकायला नको, मंडळी. एक्स-रे काढला तर मांडीचं हाड आजूबाजूच्या मांसापासून वेगळं ओळखू येईना, दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात.

याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. कसा होतो बघा. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी३ जीवनसत्त्व लागतं. ते या प्राण्याच्या कातडीत तयार होतं, पण त्यासाठी कातडीवर उन्हातले यूव्ही-बी नावाचे अतिनील किरण पडावे लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे. किरण पडल्यावर जे तयार होतं त्याचं पूर्ण डी३ व्हायला परत अंगात ऊब लागते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे आजींच्या पूर्वेच्या खिडकीतून उजेड येत होता, ऊबही येत होती, आणि नेमकं जे हवं तेच बाहेर राहत होतं. लाल दिव्यात तर यूव्ही-बी नसतंच. त्यात रोजचा पालक. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते पोटातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून ते ओढायला लागतात. हृदय आणि स्नायू चालू राहावेत म्हणून शरीर स्वतःची हाडं खातं. वाढत्या पिल्लात हे फार झपाट्यानं होतं.

आम्ही तोंडावाटे कॅल्शियम दिलं, यूव्ही-बी किरण देणारी दिव्याची नळी मागवली, ऊब वाढवली, जिवंत किडे सुरू केले. जबडा हळूहळू कडक झाला. उजवा मागचा पाय मात्र वाकडा राहिला तो राहिलाच. आजी अजून मला रस्त्यात भेटल्या की आधी त्या पायाबद्दल विचारतात. म्हणूनच मला त्या चिठ्ठीचा राग आहे. यूव्ही-बी हा एक शब्द त्या चिठ्ठीवर असता तर तो पाय सरळ राहिला असता. प्राणी विकणाऱ्यानं यूव्ही-बीच्या दिव्याशिवाय हा प्राणी विकूच नये असं माझं मत आहे, आणि ते मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

तर वाटीत काय असावं? पिल्लू असेल तर मुख्यतः किडे, मोठा झाला की मुख्यतः पाला. पहिल्या काही महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा किडे, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. वर्ष-दीड वर्षाच्या पुढे आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे, पाला रोज. मोठ्या ड्रॅगनला रोज अळ्या चारणं हे प्रेम नव्हे, त्याच्या यकृतावर चरबी चढते. किडा केवढा? त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर बघा, त्याहून मोठा नको.

पाल्याच्या बाबतीत आपण कोकणातली माणसं श्रीमंत आहोत. परसातला शेवगा! गोकुळाष्टमीला आपल्याकडे शेगलाची भाजी होते, त्या पाल्यातली मूठभर बाजूला काढा. कॅल्शियमनं भरलेला पाला आहे. जास्वंदीची फुलं आणि कोवळी पानं तर तो अक्षरशः झडप घालून खातो, लाल रंग दिसला की धावतो. मोहरीचा पाला, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, कधीमधी पपईची फोड. पपई फळांमध्ये बरी, कारण तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. हापूसबद्दल विचारणार हे मला ठाऊकच होतं. नखाएवढा तुकडा, तोही क्वचित. बाकीचा तुम्ही खा.

आणि नको ते. पालक रोज नको, माठही नको, दोन्हीत ऑक्झॅलेट. अळू आणि तेरं तर मुळीच नको. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. आपण फदफद्यात आंबट घालून रटरट शिजवतो म्हणून आपला घसा वाचतो, हा बिचारा कच्चं खाणार. सुकट आणि जवळा नको, मीठ फार. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "पानाचा चुना म्हणजे कॅल्शियमच ना? चिमूटभर लावला तर?" नको! चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक असतो, तोंड आणि घसा भाजेल. औषधाच्या दुकानात साध्या कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिळते, फॉस्फरस नसलेली घ्या. बागेतले नाकतोडे पकडून घालणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो: मोहर आल्यापासून आपण तुडतुड्यांसाठी आंब्यावर फवारतो, काजूवर ढेकण्यासाठी फवारतो. त्या बागेतला किडा म्हणजे थोडं थोडं कीटकनाशक. किडे घरीच वाढवा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर झालेला विषय आता घाईत उरकावा लागणार. तरी मुद्द्याचं सगळं सांगतो, लिहून घ्या.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन गोष्टी एकदम बिघडतात: ऊन जातं, वीज जाते, हवा ओली होते. ऑक्टोबर ते मे सकाळी अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या सावलीची सोय करून त्याला बाहेर ठेवलंत तर उत्तम. काचेच्या पेटीत उन्हात कधीही नको, मिनिटांत होरपळेल. पावसात ही सोय संपते, मग सगळी भिस्त नळीवर. यूव्ही-बीची नळी पेटत राहते पण तिचे किरण कमी होत जातात, साधारण वर्षाच्या आत बदलावी लागते. तेव्हा नवी नळी मे महिन्यातच लावा, म्हणजे ती ऐन चातुर्मासात ताजी असेल.

ऊब. शेकायच्या जागेवर ३८ ते ४२ अंश हवेत, थंड बाजूला पंचविशीच्या आसपास. तेवढी ऊब असेल तरच त्याचं पोट चालतं. चूल पेटवल्याशिवाय भांड्यात तांदूळ घालून ठेवलेत तर भात होत नाही, तांदूळ आंबतात. त्याच्या पोटात हेच होतं. म्हणून नियम: उबेचा दिवा नाही तर जेवण नाही. सकाळी दिवा लागल्यावर तासाभरानं पहिलं खाणं, आणि दिवा मालवायच्या आधी किमान दोन तास शेवटचं. झाड पडून वीज गेली की तुमचा मोठा, तब्येतीनं चांगला ड्रॅगन तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही, पाणी द्या. पिल्लाचं तसं नाही, त्याला उपास झेपत नाही. पिल्लू असेल तर इन्व्हर्टरवर तो एक दिवा चालवा आणि त्या दिवशी टीव्ही बंद ठेवा.

ओल. कॅल्शियमच्या पुडीचे पावसात गोळे होतात, गोळे किड्याला चिकटत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं आपण पूड लावली. छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्या करा, एका वेळी एकच उघडा. वाढत्या पिल्लाच्या किड्यांना जवळजवळ रोज पूड, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. किड्यांच्या अंगात मुळात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, म्हणून ही पूड. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या तेवढ्या अपवाद, त्यांच्यात कॅल्शियम भरपूर. किड्यांना चारण्याआधी एक दिवस शेवग्याचा पाला, गाजर खाऊ घाला, कारण किड्याच्या पोटात जे आहे तेच याच्या पोटात जाणार. अळ्या ज्या कोंड्यात वाढवतो त्याला ओलीनं बुरशी धरते, गाजराची चकती संध्याकाळी काढून टाका. पाला धुऊन फडक्यानं कोरडा करून मगच वाटीत, आणि उरलेला दुपारी उचला. पेटीत पाणी शिंपडू नका, आपल्या हवेत आधीच पुरेसं आहे, छातीत सर्दी भरेल.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. ओला पावसाळा आणि मंद उजेड यांत खाणं थोडं कमी होतं, त्याला घाबरू नका. वजन उतरायला लागलं तर मात्र या.

वेळ संपली, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. वळवाच्या सरी सुरू झाल्यात, आता मृगापर्यंत आपल्याकडे झाडं काजव्यांनी लखलखतील. मुलं काजवे पकडून बाटलीत भरतात, काही खिडकीतून दिव्यावर येतात. बिअर्डेड ड्रॅगनला काजवा कधीही खाऊ देऊ नका. अमेरिकेतल्या काजव्यांमध्ये ल्युसिब्युफॅगिन नावाचं विष सापडलंय, ते हृदयावर काम करतं, आणि एखादा काजवा गिळून पाळलेले ड्रॅगन काही तासांत मेल्याच्या नोंदी आहेत. याला मूळच्या कोरड्या मुलखात असा अनुभव नाही, त्यामुळे चमकणारं काही दिसलं की तो बेधडक जीभ टाकतो. आपला काजवा कुठल्या जातीचा हे तपासत बसू नका. संध्याकाळी पेटीजवळच्या खिडकीला जाळी लावा. काजवा खाल्ल्याचा नुसता संशय आला, तो डोकं झटकायला लागला, तोंड वासून बसला किंवा अंग काळवंडलं, तर घरचा उपाय नको आणि सकाळची वाटही बघू नका, त्याच रात्री डॉक्टरांना उठवा.