आगाशिवच्या डोंगरावरची पाच माणसं

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. नसेल तर नुसतं ऐका.

सातारा जिल्ह्यात आज माणसं किती? शेवटची मोजदाद २०११ सालची, ३० लाख ४ हजार. २०२१ची जनगणना करोनामुळे लांबली. मग मधल्या वर्षांचा आकडा आणायचा कुठून? गावाची पाणीयोजना आखणाऱ्याला तर पुढच्या तीस वर्षांचा लागतो. तिथं घातांकाचं समीकरण कामाला येतं.

२००१ साली जिल्ह्यात २८ लाख ९ हजार माणसं होती. दहा वर्षांत वाढ झाली ६.९ टक्के. माझे विद्यार्थी लगेच दहाने भागून वर्षाला ०.६९ सांगायचे आणि मोकळे व्हायचे. अहो, हे सरळव्याज झालं! लोकसंख्या चक्रवाढीने वाढते. यंदा वाढलेली माणसं पुढच्या वर्षी मुद्दलात धरायची. तसं केलं की दर येतो ०.६७. म्हणजे दरवर्षी १.००६७ने गुणायचं, जितकी वर्षं तितक्या वेळा. या आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात वर्षं लिहायची, तोच घातांक. दहा वेळा गुणलं की २०२१चा अंदाज निघतो, ३२ लाखांच्या थोडा वर.

दुप्पट कधी होईल हे तर तोंडी सांगता येतं. ७०ला दराने भागा. साताऱ्याला १०४ वर्षं. त्याच दशकात देश वाढला १७.७ टक्क्यांनी, वर्षाला १.६४; त्याला ४३ वर्षं पुरतील. दरातला एवढासा फरक बघा आणि वर्षांतला बघा.

आता जरा गंमत करू. हेच गणित उलटं चालवू, गुणण्याऐवजी भागत मागे जाऊ. दोन हजार वर्षं मागे गेलं की जिल्ह्यात उरतात पाचेक माणसं! आणि त्याच सुमाराला कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी खोदली जात होती, साठेक लेणी. पाच जणांनी? शेती कोण करत होतं मग?

भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती दर दोन हजार वर्षं तोच धरण्यात. पूर्वी जन्म भरपूर, पण मृत्यूही तितकेच. दुष्काळ यायचा, पटकी यायची. आपल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने तर असा तडाखा दिला, की १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्या दहा वर्षांचा दर उणे. समीकरणाला ताप येत नाही, माणसांना येतो.

आणि साताऱ्याचा दर देशाच्या निम्म्याहून कमी का? पाळणे कमी हलले हे खरंच, पण तेवढंच नाही. माण-खटाव, जावळी, पाटणची किती घरं मुंबईला गेली! आधी गिरणीत, मग माथाडीत. जनगणनेत ती तिकडे मोजली जातात. गावच्या यात्रेला मात्र सगळी इकडे.

तेव्हा घरचा अभ्यास असा : आपल्या गावाचे २००१ आणि २०११चे आकडे मिळवा आणि दर काढा. उणे आला तर खाडाखोड करू नका. आळीत कुलूपबंद घरं किती, तेवढी मोजून या.

नमस्कार.