सप्लाय मेला, पण मारला कोणी?

मंडळी, मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये आयजीबीटी (मोठे स्विच म्हणून वापरलेले ट्रान्झिस्टर) चालू-बंद करणारं गेट ड्रायव्हर कार्ड असतं. त्यावरचं ते काळं, चार पायांचं, एक वॉटचं मॉड्यूल, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा 15 व्होल्टचा छोटा सप्लाय, तुम्हीही कधीतरी बदललं असेल. मी ते इचलकरंजीच्या एका सायझिंगच्या (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या) ड्राइव्हमध्ये एकाच जागी दोनदा बदललं. दोन्ही वेळा ड्राइव्ह टेबलावर ठणठणीत वाटत होता. स्टॉपमध्ये मीटर लावला की 15.1 व्होल्ट. रन दिला की धापकन 7, लगेच फॉल्ट. तिसऱ्या खेपेला मालकाच्या फोनआधीच मला कळलं होतं, काय झालंय ते.

चूक माझी. आयजीबीटी तपासताना मी कलेक्टर-एमिटर (मुख्य करंट जाणारे दोन पाय) मीटरच्या डायोड रेंजवर बघितला आणि पुढे गेलो. गेट-एमिटर बघितलाच नाही; गेट म्हणजे स्विचला चालू-बंदचा हुकूम देणारा पाय. कार्डावर तिथे 10 किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे मीटरने तेवढं दाखवायला हवं. दाखवले 28 ओहम. गेटचा थर अर्धवट फुटला होता. स्टॉपमध्ये या कार्डाचं गेट शून्यावर असतं, त्यामुळे गळती दिसत नाही. गेट वर गेलं की 28 अधिक गेट रेझिस्टरचे 10, 15 व्होल्टला साधारण 0.4 अँपियर. बिचारं मॉड्यूल 66 मिलिअँपियरचं! स्वस्त मॉड्यूलं शॉर्ट जेमतेम सेकंदभर सोसतात. आयजीबीटी बदलला, प्रश्न मिटला.

उलटंही होतं. मॉड्यूल मजबूत आणि भार फारच कमी. गेटला सरासरी लागतं किती? दर वेळी 500 नॅनोकुलंब चार्ज, 15 व्होल्ट, 10 किलोहर्ट्झ स्विचिंग, गुणाकार करा: 75 मिलिवॉट. रेग्युलेशन (भार बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणं) नसलेलं एक वॉटचं मॉड्यूल दहा टक्क्यांखालच्या भारावर व्होल्टेज चढवतं. गेटची मर्यादा सहसा 20 व्होल्ट. अशा जागी मी आउटपुटला एक रेझिस्टर भार म्हणून ठेवतो. तो तापतो, तापू दे.

आणि मॉड्यूलवर छापलेला 'एक हजार व्होल्ट' हा दोन बाजूंमधल्या इन्सुलेशनचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. तो बहुतेकदा सेकंदभराच्या चाचणीचा आकडा असतो. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस (मेन्सपासून आत तयार केलेला डीसी) जवळपास 590 व्होल्ट, आणि वरच्या, म्हणजे बसच्या प्लस बाजूच्या, आयजीबीटीचा एमिटर दर स्विचिंगला तेवढा वर-खाली उडतो. वेग मायक्रोसेकंदाला 10,000 व्होल्ट धरा. मॉड्यूलच्या आत दोन वाइंडिंगमध्ये 60 पिकोफॅरड कपॅसिटन्स असले, तर त्या क्षणी 0.6 अँपियर पलीकडच्या कंट्रोल कार्डात घुसतो. मग प्रोसेसर उगाच रीसेट होतो आणि आपण प्रोग्रॅमला शिव्या घालतो. इथे 5 पिकोफॅरडचं मॉड्यूल शोधून, जरा महाग पडलं तरी, घ्यायचं.

वरच्या बाजूचा सप्लाय चालू ड्राइव्हवर ऑसिलोस्कोपवर बघायचा तर डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन टोकांतलं व्होल्टेज दाखवणारा). साध्या प्रोबची अर्थ क्लिप एमिटरला लावली तर स्कोपच्या अर्थमधून बस शॉर्ट होते. काही जण स्कोपची अर्थ पिन काढतात. त्याने स्कोप वाचतो आणि त्याची बॉडी 590 व्होल्टवर येते; नॉबला हात लावणारा तुम्हीच असता.

म्हणून बहुतेक तपासणी बसशिवायच करा. बस उतरल्याची मीटरने खात्री, कार्डाला बाहेरून 24 व्होल्ट, मग सप्लायची चारही आउटपुट मोजा: वरच्या तीन आयजीबीटींचे तीन आणि खालच्या तिघांचा सामाईक एक. गेट हाताने ऑन करून पुन्हा मोजा. मग मोटार न जोडता, सिरीजमध्ये दोन 230 व्होल्टचे बल्ब घालून बस द्या. बल्ब क्षणभर पेटून विझले, तर रन द्या.